काळी स्क्रीन, पिवळी रेघ

आमच्या ऑफिसात दोन पार्ट्या आहेत. राजकारणाच्या नाहीत हो, स्क्रीनच्या! आठ जणांपैकी पाच जण ऑटोकॅडची बॅकग्राउंड काळी ठेवतात, तिघं पांढरी. कुणी चुकून दुसऱ्याच्या मशीनवर बसलं की पहिलं काम काय, तर ऑप्शन्स, डिस्प्ले, कलर्स. मग खरा मालक चहा पिऊन परत येतो आणि बोंब ठोकतो, ‘‘माझी स्क्रीन कुणी पांढरी केली रे?’’

मी कट्टर काळी पार्टी. कॉलेजपासून. आम्हाला ऑटोकॅड शिकवलं सिनियर्सनी आणि पहिलाच धडा दिला की पांढरी स्क्रीन म्हणजे डोळ्यांचं वाटोळं. त्यांना कुणी सांगितलं? त्यांच्या सिनियर्सनी! तसं त्यात तेव्हा तथ्य होतं म्हणा. ऑटोकॅड आलं १९८२ मध्ये. तेव्हाचे मॉनिटर मुळातच काळे, त्यावर उजळ रेघा उमटायच्या. पुढे रंगीत आले तरी ते काचेच्या नळीचेच. त्यावर अख्खा पडदा पांढरा केला की लुकलुक जाणवायची. ते मॉनिटर कधीच भंगारात गेले, फंडा मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला. (‘काळ्याने वीजही वाचते’ असं कुणी ऐकवलं तर सांगा, साध्या एलसीडीत मागचा दिवा काळ्यालाही जळतच असतो. वाचते ती ओएलईडी स्क्रीनवर.)

तर गेल्या पावसाळ्यात माझं डोकं दुखायला लागलं. रोज. संध्याकाळी साडेचार वाजले की कपाळाच्या मधोमध कुणीतरी ड्रिल लावल्यासारखं. आधी एसीला शिव्या घातल्या, मग ट्रॅफिकला, मग एका क्लायंटला (त्याने तोपर्यंत किचन चार वेळा फिरवून घेतलं होतं). शेवटी खरा गुन्हेगार सापडला असं वाटलं. नवीन प्रोजेक्ट रेव्हिटमध्ये होतं आणि रेव्हिट उघडतं तेच पांढरंशुभ्र. त्यांनी डार्क थीम आणली ती थेट २०२४च्या व्हर्जनमध्ये. मी तीही लावली, बॅकग्राउंडही काळी केली. वर माझ्या डोक्यावरची ट्यूबलाइट बंद केली. काळोख, काळी स्क्रीन, कानात हेडफोन. एकदम सिनेमातल्या हॅकरसारखं! दोन दिवस जाम बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी साडेचारला ड्रिल पुन्हा सुरू.

आणि मग ती पिवळी रेघ आली.

एका बंगल्याचं काम चालू होतं. वरच्या मजल्यावरचं टॉयलेट क्लायंटने ऐनवेळी सरकवलं. टॉयलेटखालचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली ठेवावा लागतो, त्यातून पाइप फिरवायचे असतात. त्याला म्हणतात सन्क. इथे तो ३०० मिलिमीटर होता, म्हणजे चांगला फूटभर. मी रात्री अकरा वाजता घाईघाईत नवा सन्क काढला, शेजारी लिहिलं, पीडीएफ केली आणि सुपरवायझरला व्हॉट्सॲपवर टाकून झोपले. आमच्याकडे त्या लेयरचा रंग पिवळा. काळ्या स्क्रीनवर कसा झगमगतो! आंधळ्यालाही दिसेल.

सकाळी साडेआठला फोन. ‘‘मॅडम, वरच्या टॉयलेटला सन्क नाही ना? सेंट्रिंग लेव्हलला घेतलंय, सळ्या बांधून होत आल्यात. उद्या स्लॅब भरतोय. पण हे प्लंबरकाका म्हणतायत, एकदा विचारून घ्या.’’

माझ्या पोटात गोळा. पीडीएफ उघडली. पांढऱ्या कागदावर भिंती झकास, दारं झकास आणि टॉयलेटच्या जागी… काहीच नाही. फोन तिरका धरला, डोळे बारीक केले, तेव्हा कुठे एक फिकट चौकोन दिसला. अक्षरं तर गायबच. एरवी आम्ही प्रिंट काढतो तेव्हा सगळे रंग काळे होतील अशी सेटिंग लावतो. त्या रात्री मी रंगीत सेटिंग तशीच ठेवली होती. प्लंबरकाकांनी विचारलं नसतं तर काँक्रीट पडलं असतं. आणि काँक्रीटला अनडू नसतो.

सेंट्रिंग खाली घ्यायला, सळ्या पुन्हा बांधायला अख्खा दिवस गेला. सेंट्रिंगवाले जे बोलले ते इथे छापता येणार नाही.

आता चूक माझीच, त्यात वाद नाही. पण रात्री जी रेघ सगळ्यात उठून दिसत होती तीच सकाळी सगळ्यात आधी कशी काय पळाली? त्याचं गणित मी नंतर बसून बघितलं. स्क्रीनवरच्या पूर्ण पांढऱ्याचा उजेड १०० धरला तर शुद्ध पिवळ्याचा भरतो ९३. म्हणजे पांढऱ्यावर पिवळं म्हणजे जवळजवळ पांढऱ्यावर पांढरंच. आणि निळा? अवघा ७! काळ्यावर निळं म्हणजे काळ्यावर जवळजवळ काळं. वेबसाइटवरचा मजकूर नीट वाचता यावा म्हणून उजेडाचं प्रमाण किमान साडेचारास एक हवं असा नियम आहे. शुद्ध निळा काळ्यावर अडीचच्याही खाली राहतो आणि पिवळा पांढऱ्यावर जेमतेम एकाच्या पुढे. त्यात आणखी एक गंमत. आपण जिथे नजर रोखतो तिथल्या रेटिनाच्या अगदी मधल्या ठिपक्यात निळा ओळखणाऱ्या पेशी जवळपास नसतातच. आणि आमच्या ऑफिसात पाण्याच्या सगळ्या लाइनी कुठल्या रंगात? निळ्या. बारीक निळ्या, काळ्यावर. म्हणजे प्लंबिंगचं ड्रॉइंग करताना मी नाक स्क्रीनला टेकवून का बसायचे ते तरी कळलं.

ऑटोकॅडमध्ये एकच रंग शहाणा आहे, सात नंबरचा. तो काळ्यावर पांढरा होतो आणि पांढऱ्यावर काळा. बाकीचे सगळे आपापल्या जागी हट्टाने बसून राहतात.

सन्कच्या धक्क्याने मी अखेर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. तीन वर्षं टाळत होते, कारण चष्मा लागेल ही भीती. (हो, बत्तिसाव्या वर्षी. हसा.) डॉक्टरबाईंनी चक्रासारख्या रेघा असलेला एक तक्ता दाखवला आणि विचारलं, सगळ्या रेघा सारख्या दिसतात का? मला आडव्या ठळक दिसत होत्या, उभ्या पुसट. दिवसभर रेघांवर पोट भरणाऱ्या बाईला उभ्या रेघा पुसट दिसतायत, याला काय म्हणायचं! पाऊण सिलिंड्रिकल नंबर निघाला, दोन्ही डोळ्यांना.

मी त्यांना अभिमानाने सांगितलं, की मी डोळ्यांची काळजी घेते, स्क्रीन काळी ठेवते, दिवेही बंद करते. त्यांनी कपाळावर हात मारला नाही एवढंच. म्हणाल्या, ‘‘अहो, अंधारात बाहुली मोठी होते. कॅमेऱ्याचं ॲपर्चर उघडल्यासारखी. मग डोळ्याचा जो काही दोष असेल तो जास्तच दिसतो. उजळ रेघेभोवती धुरकट कड येते ना तुम्हाला?’’ येते की! मी ती मॉनिटरची समजत होते. उजेडात बाहुली लहान होते आणि चित्र जास्त रेखीव पडतं. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संशोधकांनी २०१३ मध्ये तरुण आणि वयस्क अशा दोघांनाही वाचायला लावून तपासलं, तर पांढऱ्यावर काळी अक्षरं दोघांनाही सोपी गेली. आता ती अक्षरं होती, आठ-आठ तास बघायचे प्लॅन नव्हते. त्यामुळे पांढऱ्या पार्टीने लगेच पेढे वाटू नयेत.

शिवाय डॉक्टरबाईंनी खरा झटका पुढे दिला. रंगाने डोळे खराब होत नाहीत म्हणाल्या, दमतात. आणि ते दमायची कारणं निराळीच असतात. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा मिटणारे डोळे स्क्रीनसमोर निम्म्यावर येतात, कधी त्याहूनही कमी. वर एसीचा झोत. अंधाऱ्या खोलीत ब्राइटनेस शंभरावर ठेवला की पांढरी स्क्रीन टोचणारच, ती स्क्रीन राहतच नाही, हेडलाइट होते. उपाय एकदम घरगुती. दर वीस मिनिटांनी, वीस फुटांवर, वीस सेकंद बघा. मी ऑफिसात येऊन टेपने मोजलं, आमचं अख्खं ऑफिस सतरा फूट! म्हणून मी आता खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी बघते. तिचा ओव्हरफ्लो कुणीतरी भलत्याच जागी काढलाय, ते बघून वीस सेकंद कसे जातात कळत नाही.

चष्मा लागला. निळी फ्रेम, बऱ्यापैकी स्मार्ट दिसते. डोकेदुखी पूर्ण नाही पण पुष्कळ गेली. ट्यूबलाइट चालू. ब्राइटनेस इतका खाली आणला की शेजारी कोरा कागद ठेवला तर दोन्ही सारखेच उजळ वाटावेत. आणि बॅकग्राउंड? काळी नाही, पांढरी नाही, करडी. ऑटोकॅड आता स्वतःच जी देतं ती, ३३, ४०, ४८ वाली. दोन्ही पार्ट्यांनी मला गद्दार ठरवलंय.

पाण्याच्या लाइनी निळ्याच्या आकाशी करू म्हटलं, तर त्यावरून सॉल्लिड भांडण. कारण आमच्याकडे रंगावरून प्रिंटमध्ये रेघेची जाडी ठरते. मी आकाशी केल्यावर अर्ध्या इंची पाइप भिंतीएवढा जाड छापला गेला! दोन दिवस बसून सगळी पेन टेबलं पुन्हा लावली. पार्टनरने नवा नियमही काढला, की बाहेर जाणारं प्रत्येक ड्रॉइंग आधी पांढऱ्या कागदावर बघायचं, रात्रीचे अकरा वाजले असले तरी. काळ्या पार्टीने कुरकुर केली, पण ऐकलं.

परवा त्याच साइटला जिन्याची पीडीएफ पाठवली. दोन मिनिटांत सुपरवायझरचा मेसेज आला, ‘‘मॅडम, मिळालं. यात पिवळं काही आहे का?’’