एजंट नक्की कुणाचा?

धुळ्यात देवपुरातलं किंवा जळगावात महाबळ, गणेश कॉलनीकडचं जुनं घर विकायला निघतं, तेव्हा त्यात राहणारं बहुतेकदा कुणी उरलेलं नसतं. एक मुलगा पुण्यात, मुलगी सुरतेला, धाकटा परदेशात आणि घराची चावी शेजाऱ्यांकडे. भाव काढण्यापासून दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातल्या सह्यांपर्यंत सगळी भिस्त एजंटवर असते. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘‘साहेब, तुम्हाला नेट किती पाहिजेत?’’

हा प्रश्न सोयीचा वाटतो, पण विकणाऱ्याचं नुकसान इथूनच सुरू होतं. समजा, मालकानं नेट, म्हणजे दलाली सोडून हातात पडायची रक्कम, 40 लाख सांगितली. एजंट थोडं टोकन देऊन भाच्याच्या नावे इसार पावती करून घेतो. चार-सहा महिन्यांची मुदत पदरात पडली की खरा घेणारा शोधतो, 46 लाखांत सौदा बसवतो आणि खरेदीखत थेट त्या घेणाऱ्याच्या नावे करून देतो. मधले सहा लाख कुणाचे? ज्यांच्या आईवडिलांनी ते घर बांधलं, त्यांचे खचितच नाहीत. त्यांना खरा आकडा कळतो तो नव्या मालकाच्या वास्तुशांतीला. ही दलाली नव्हे, विश्वासघात आहे, आणि बाजाराची रीत म्हणून त्याकडे काणाडोळा करणं चूक आहे.

न्यूझीलंडमध्ये एजंटला स्वतःसाठी किंवा नातेवाइकासाठी गिऱ्हाइकाचं घर घ्यायचं असेल, तर 2008 च्या कायद्यानुसार मालकाची लेखी संमती लागते आणि त्रयस्थाकडून केलेलं मूल्यांकन मालकाच्या हाती द्यावं लागतं. इंग्लंडमध्ये तर एस्टेट एजंटला परवानाही लागत नाही. तरी तिथला 1979 चा कायदा सांगतो की, फी किती आणि ती केव्हा द्यायची, हे काम हाती घेण्याआधी लेखी कळवा. व्यवहारात स्वतःचा हितसंबंध असेल तर तो उघड करा. आलेली प्रत्येक ऑफर मालकाला लेखी कळवावी, ही तिथल्या विक्रेत्याची साधी अपेक्षा असते. ती पुरी झाली नाही, तर दाद मागायला लोकपाल आहे.

खानदेशातल्या विक्रेत्यानं एवढंच मागितलं तर ते जास्त होत नाही. किंबहुना आपला 1872 चा करार कायदा यातलं बरंच काही देऊन बसला आहे. एजंटनं मालकाला न सांगता त्याच्याच व्यवहारात स्वतःचा धंदा केला, तर त्यातून झालेला फायदा मालक मागू शकतो, असं कलम 216 म्हणतं. अडचण पुराव्याची आहे. सगळं फोनवर आणि चहाच्या टपरीवर ठरलेलं असेल, तर न्यायालयात दाखवणार काय?

‘रेरा आहे की’, असं अनेकांना वाटतं. महारेरानं 1 मे 2017 पासून नोंदणी सुरू केली, पुढे एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली आणि प्रमाणपत्र न घेणाऱ्या सुमारे 20 हजार जणांची नोंदणी 2024 च्या सुरुवातीला स्थगितही केली. हे पाऊल चांगलंच. पण एजंटच्या नोंदणीची सक्ती बिल्डर विकत असलेल्या, रेरा-नोंदणीकृत प्रकल्पापुरती आहे. वडिलांनी बांधलेलं देवपुरातलं घर त्यात बसत नाही. नव्या फ्लॅटच्या गिऱ्हाइकाला मिळणारं संरक्षण जुनं घर विकणाऱ्या विधवेला नाही, हे अन्यायाचं आहे.

अर्धवट सल्ल्याचा भुर्दंडही विक्रेत्यालाच बसतो. इसार म्हणून 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली, तर तेवढाच दंड ती घेणाऱ्या विक्रेत्याला होऊ शकतो. ‘रोखीनं घ्या’ म्हणणारा एजंट तेव्हा बाजूला असतो. वारसांपैकी एक परदेशात राहत असेल, तर त्याच्या हिश्शावर टीडीएसचे नियम वेगळे लागतात. हे आधी कुणी सांगितलं नाही की खरेदीच्या दिवशी धावपळ होते.

चांगले एजंट दोन्ही शहरांत आहेत. वारस नोंद लावून घेणं, बहिणींचं हक्कसोडपत्र, प्रॉपर्टी कार्डावरचं चुकलेलं क्षेत्रफळ, महापालिकेची थकलेली घरपट्टी असं सगळं ते चिकाटीनं मार्गी लावतात. ठरलेली दलाली त्यांना घासाघीस न करता, चेकनं मिळाली पाहिजे. नेटच्या खेळात नुकसान त्यांचंही होतं, कारण ‘तुम्ही फक्त नेट सांगा, दलाली नको’ म्हणणारा वरकरणी स्वस्त दिसतो.

हरियाणानं 2008 मध्येच सगळ्या प्रॉपर्टी डीलरांना परवाना सक्तीचा करणारा स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्रालाही तसा कायदा करता येईल. त्यात जुन्या घरांचे आणि प्लॉटचे व्यवहार यावेत, दलालीचा लेखी करार आणि हितसंबंधांची घोषणा सक्तीची व्हावी. तोवर जळगाव-धुळ्याच्या विक्रेत्यानं नेटचा आकडा सांगूच नये. दलाली टक्क्यांत ठरवून कागदावर घ्यावी, प्रत्येक ऑफर नाव आणि रकमेसह व्हॉट्सॲपवर मागावी आणि इसार पावतीवर खऱ्या घेणाऱ्याचंच नाव असल्याशिवाय सही करू नये.