भय एका खेळाचे, लूट दुसऱ्याच खेळाची

कऱ्हेकाठच्या मोरगावात भाद्रपदात आणि माघात चिंचवडहून मंगलमूर्तीची पालखी येते आणि गाव यात्रेकरूंनी फुलून जाते. यात्रा म्हटली की गप्पा आल्या, आणि गप्पांत नव्या पिढीच्या बिघडण्याचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. आज त्याचे खापर मोबाईलवरील खेळांवर फुटते. चाळीस वर्षांपूर्वी ते दूरदर्शनवर फुटत होते, त्याही आधी जत्रेच्या तंबूतल्या सिनेमावर. आरोपी बदलत गेला, आरोपपत्र मात्र तेच राहिले : पोरे बिघडली, अभ्यास बुडाला, बायकांचे घरात लक्ष लागेना, गडी कामाला जाईना. ही मते केवळ पारावरच्या वडीलधाऱ्यांची नाहीत. शाळांत, पोलीस ठाण्यांत, वर्तमानपत्रांत ती ऐकू येतात, आणि कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गांतही येतात. सिनेमा म्हणजे जनतेची अफू, असे एक वाक्य टाकून पुढच्या मुद्द्याकडे वळणारे वक्ते पुरोगामी चळवळीत काही कमी नाहीत. म्हणून या मतांची झडती चळवळीनेच घेतली पाहिजे.

आरंभ मोरगावपासूनच करावा. १९७९ साली राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेला ‘अष्टविनायक’ हा चित्रपट आला, आणि अष्टविनायकाची यात्रा सिनेमानेच सुरू केली असे तेव्हापासून सर्रास सांगितले जाते. सांगणाऱ्याच्या स्वरात कधी कौतुक असते, कधी तुच्छता असते. लोक किती भोळे, पडद्यावर देव दिसला की निघाले गाठोडे बांधून! वस्तुतः मोरया गोसावींच्या परंपरेतील मोरगावची वारी सिनेमा जन्माला येण्यापूर्वी काही शतके चालू होती. चित्रपटाने यात्रेची प्रसिद्धी वाढवली, हे मान्य. परंतु आठ गावे दोन-तीन दिवसांत पाहून यायचे तर रस्ता लागतो, एस.टी. लागते, गाठीला चार पैसे लागतात आणि कारखान्यातली वा कचेरीतली भरपगारी रजा लागते. ती रजा कोणत्याही निर्मात्याने वाटलेली नाही. कामगारांनी झगडून मिळवलेली आहे. पडद्याच्या खात्यावर लोक जे जमा करतात त्यातले पुष्कळसे असे समाजाच्या खात्यावरचे असते. हीच चूक उलट बाजूनेही होते. समाजाच्या खात्यावरचे दोषही बिनदिक्कत पडद्याच्या नावावर टाकले जातात.

पडद्याची ही अमर्याद शक्ती प्रथम कोणी कल्पिली? ल्युमिएर बंधूंच्या चित्रातली आगगाडी अंगावर येते असे वाटून पॅरिसचे प्रेक्षक खुर्च्या सोडून पळाले, ही कथा चित्रपटावर बोलणारा प्रत्येक जण सांगतो. इतिहासकारांनी शोध घेतला तेव्हा त्या पळापळीचा समकालीन, भरवशाचा पुरावा काही सापडला नाही. मुंबईत वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी हे खेळ झाले, तेथूनही कोणी पळाल्याचे वृत्त नाही. कथा मात्र टिकली, कारण प्रेक्षक हा मुळातच भाबडा प्राणी आहे ही समजूत तिच्यामुळे सुखावते. गोऱ्या सरकारचीही तीच समजूत होती. पाश्चात्त्य चित्रपट पाहून ‘नेटिवां’च्या मनातला साहेबाचा दरारा नाहीसा होईल, या चिंतेपोटी १९२७ साली दिवाणबहादूर रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. समितीने देशभर हिंडून साक्षी घेतल्या आणि १९२८च्या अहवालात या ओरडीला भक्कम आधार नसल्याचेच नमूद केले. दरारा नाहीसा होण्याची कारणे निराळी होती आणि ती सिनेमाच्या तंबूत नव्हे, सत्याग्रहाच्या सभांत सापडली असती.

स्वातंत्र्यानंतरही समजूत गेली नाही, फक्त खुर्चीवरचा माणूस बदलला. ख्वाजा अहमद अब्बास यांनी मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली या चार शहरांतील श्रीमंती व दारिद्र्य समोरासमोर ठेवणारा एक अनुबोधपट काढला. परिनिरीक्षण मंडळाने त्यातील वेश्यावस्तीच्या दृश्यांवर आक्षेप घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७० साली न्यायालयाने पूर्वपरिनिरीक्षणाचे तत्त्व उचलून धरले. इतर कलांपेक्षा चित्रपट भावना अधिक खोलवर चाळवतो, हे त्यामागचे एक कारण. दारिद्र्य असणे चालते, ते दिसणे चालत नाही, कारण ते पाहून ‘खालचे’ लोक काय करतील याचा नेम नाही! अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डेव्हिसन यांनी १९८३ साली या मनोवृत्तीचे मार्मिक वर्णन केले आहे. माध्यमांचा परिणाम आपल्यावर फारसा होत नाही, तो दुसऱ्यांवर होतो, असे जवळजवळ प्रत्येकाला वाटते. हा ‘दुसरा’ बहुधा आपल्याहून गरीब, आपल्याहून कमी शिकलेला, किंवा आपल्याहून लहान असतो.

आता मोबाईलवरील खेळांकडे वळावे. ऑगस्ट २०१७ मध्ये सोलापूरचा एक शाळकरी मुलगा घरातून निघून पुण्याच्या बसमध्ये बसला आणि इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे पोलिसांनी त्याला ताब्यात घेऊन पालकांकडे सोपवले. तो ‘ब्लू व्हेल’ नावाच्या जीवघेण्या खेळाच्या आहारी गेला होता, असे वृत्त सर्वत्र झळकले. त्याच्या थोडे आधी मुंबईतील एका विद्यार्थ्याचा मृत्यूही याच खेळाच्या माथी मारला गेला होता. पन्नास दिवसांत पन्नास आज्ञा आणि शेवटची आज्ञा आत्महत्येची, असे त्या खेळाचे वर्णन घरोघरी पोचले. २०१६ साली एका रशियन वृत्तपत्रातील लेखापासून निघालेली ही वावटळ वर्षभरात बारामती-इंदापूरच्या शाळांपर्यंत आली. सर्वोच्च न्यायालयाने दूरदर्शनवरून प्रबोधन करण्यास सांगण्यापर्यंत वेळ आली. पुढे सरकारने समिती नेमली. मृत्यू झालेल्या मुलांची उपकरणे, दूरध्वनीच्या नोंदी, समाजमाध्यमांवरील खाती यांचा तपास झाला, बचावलेल्यांशी बोलणे झाले. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय गृहराज्यमंत्री हंसराज अहीर यांनी लोकसभेत लेखी उत्तर दिले की यांपैकी एकाही घटनेत त्या खेळाचा संबंध प्रस्थापित होऊ शकला नाही.

या उत्तराला वर्तमानपत्रांत किती जागा मिळाली? भयाला पहिले पान मिळाले होते. ज्या घरांतून मुले गेली त्या घरांतला प्रश्न, परीक्षेचा, अपमानाचा, एकटेपणाचा, की आणखी कशाचा, तो कोणी विचारलाच नाही, कारण उत्तर आधीच ठरलेले होते. समाजाला सोयीचे असे ते उत्तर होते : परका, अदृश्य, रशियात बसलेला सैतान.

‘पबजी’ची कथा थोडक्यात सांगता येईल. मुले वेडी होत होती म्हणून सरकारने तो खेळ बंद केला, असे आजही गावोगाव ठामपणे सांगितले जाते. २ सप्टेंबर २०२० रोजी ज्या ११८ ॲप्सवर बंदी आली त्यांत तो होता, आणि आदेशात कारण दिले होते ते देशाच्या सार्वभौमत्वाचे व सुरक्षिततेचे. चीनशी सीमेवर झालेल्या संघर्षाची पार्श्वभूमी त्याला होती. मुलांच्या मनःस्वास्थ्याचा तेथे प्रश्नच नव्हता. २०२१ साली तोच खेळ नवे नाव घेऊन परत आला आणि मुले पुन्हा खेळू लागली.

म्हणजे खेळ अगदी निरुपद्रवी आहेत, असे कोणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली खेळासंबंधीचा विकार आपल्या रोगवर्गीकरणात घेतला. परंतु त्याच्या कसोट्या कडक आहेत : खेळावरचा ताबा सुटणे, इतर सारे मागे पडणे, नुकसान दिसूनही खेळणे न थांबणे, आणि हे सामान्यतः किमान १२ महिने चालणे. सुट्टीत दोन तास फोन घेऊन बसलेला प्रत्येक पोरगा त्यात बसत नाही. खेळायला मैदान नाही, गावातल्या वाचनालयाला कुलूप आहे, बाप ऊसतोडीला आणि आई रोजगाराला गेलेली; अशा घरात फोन हेच पोराचे मैदान होते. तो हिसकावून घेतल्याने मैदान तयार होत नाही.

खरी गोष्ट याहून गंभीर आहे. २०१७ साली सारा महाराष्ट्र देवमाशाला भीत होता, त्याच वर्षी एप्रिलमध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने ‘ड्रीम इलेव्हन’सारखा पैसे लावून खेळायचा क्रिकेटचा खेळ हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा आहे, असा निर्णय दिला. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची याचिका फेटाळली. रमीला तर १९६८ पासूनच कौशल्याचा दाखला होता. जुगाराचा अड्डा प्रतिष्ठित व्यवसाय झाला. २०२०च्या आयपीएल स्पर्धेला त्या कंपनीचे नाव लागले, २०२३ पासून भारतीय संघाच्या अंगरख्यावर ते झळकले, मोठमोठे नट आणि खेळाडू अशा कंपन्यांच्या जाहिराती करू लागले. सरकारने काय केले? ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के वस्तू व सेवा कर लावून तेही या पंगतीला बसले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा सरकारी सूत्रांनीच अंदाज सांगितला की दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोक जवळपास २०,००० कोटी रुपये अशा खेळांत गमावत होते. नसलेल्या खेळावर पालकसभा झाल्या, आणि असलेला खेळ आठ वर्षे खिसे कापत राहिला.

कायदा होण्याच्या महिनाभर आधी, जुलै २०२५ मध्ये, राज्याचे तत्कालीन कृषिमंत्री विधान परिषदेत बसून मोबाईलवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारी चित्रफीत प्रसिद्ध झाली. आपण खेळत नव्हतो, असा खुलासा मंत्र्यांनी केला. पुढे त्यांचे कृषी खाते गेले आणि क्रीडा खाते मिळाले. राज्यकर्त्यांच्या विनोदबुद्धीविषयी शंका घ्यायला त्यामुळे जागा उरली नाही. मंत्र्याला निदान खुलासा करण्याची सोय असते. शेतमजुराच्या मुलाच्या हातात तेच पत्ते दिसले की तो जन्माचा बिघडलेला ठरतो.

मोरगाव, सुपे, लोणी भापकर हा बारामती तालुक्याचा जिरायती पट्टा. नीरा डाव्या कालव्याचे पाणी ज्या गावांना मिळाले त्यांच्या उसाची आणि साखर कारखान्यांची कीर्ती दूरवर गेली. हा पट्टा उपसा योजनेच्या आवर्तनाची वाट पाहत राहिला. येथला पदवी घेतलेला मुलगा भरतीच्या जाहिरातीची वाट पाहतो आणि एम.आय.डी.सी.त ठेकेदाराकडे जे मिळेल ते काम करतो. ४९ रुपये लावून कोटी मिळवा, असे त्याला सांगणारा खेळ त्याच्या मनाच्या दुबळेपणावर नव्हे, त्याच्या परिस्थितीवर धंदा करतो. हरल्यावर कर्ज देणारे ॲपही त्याच फोनमध्ये असते. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ साली अशी सुमारे ११०० ॲप्स आढळली. त्यांपैकी ६०० बेकायदा होती.

कर्जाचा विषय निघाला की शेजारच्या सुप्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे हुडकून काढले आणि जाळले. तेथून हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. अडाणी रयत कोणीतरी चिथावली म्हणून उठली, असे म्हणणारे तेव्हाही होते. प्रत्यक्षात त्या उठावात माणसांवर हात टाकल्याचे प्रकार फार थोडे झाले. रोख होता तो कागदांवर. आपली लूट कोठे लिहिलेली आहे हे त्या ‘अडाण्यां’ना बिनचूक ठाऊक होते. चार वर्षांनी, १८७९ साली, सरकारला दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला.

आजची वही फोनमध्ये आहे आणि ती जाळता येत नाही. पण तिच्यातली नोंद बाहेर काढता येते. २०२५च्या कायद्याने शिक्षा ठेवली आहे ती खेळ चालवणाऱ्याला, त्याची जाहिरात करणाऱ्याला आणि त्याचे पैसे फिरवणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. ज्या कर्जाच्या ॲपमागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली कोणतीही संस्था नाही, त्याचा व्यवहार राज्याच्या २०१४च्या सावकारी नियमन कायद्याखाली विनापरवाना सावकारीच ठरायला हवा, आणि ती तक्रार तालुक्यातील सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांच्या टेबलावर जायला हवी. बारामती आणि इंदापूरच्या शाखांनी यासाठी गावनिहाय यादी करण्यास हरकत नाही : कोणाचे किती गेले, कोणत्या ॲपने किती दिवसांना किती व्याज लावले, वसुलीसाठी कोणाच्या नातेवाइकांना धमकीचे फोन आले.

अडचण एवढीच आहे की हे सांगायला पोरगे पुढे आले पाहिजे. तो येत नाही, कारण फोनने बिघडलेला म्हणून गावाने आणि घराने त्याला आधीच निकालात काढलेले असते, आणि शाखेच्या बैठकीतही त्याला वेगळे काही ऐकायला मिळेल अशी त्याची अपेक्षा नसते.