पेटी भंगारात घालण्याआधी

रमाई घरकुलाचा हप्ता खात्यावर पडला की जुनं घर पाडायची घाई सुरू होते, आणि घर पाडायचं म्हणजे आधी ते रिकामं करायचं. तीर्थपुरीत काय किंवा घनसावंगी तालुक्यातल्या कुठल्याही वस्तीत काय, चाळीस-पन्नास वर्षांचा संसार दोन दिवसांत अंगणात येतो. उतरंडीची मडकी, जर्मनची पातेली, तुटकी बाज, रॉकेलचे डबे, गोधड्या, आणि आजोबांची लोखंडी पेटी. भंगारवाला काटा घेऊन उभाच असतो. लोखंड वेगळं, जर्मन वेगळं, रद्दी वेगळी. जालन्याच्या एमआयडीसीतल्या भट्ट्या भंगार वितळवूनच सळई पाडतात, तेव्हा आपलीच पेटी सळई होऊन आपल्याच स्लॅबमध्ये परत येत असेल तर तेही बरंच आहे. पेटीचं आम्हाला दुःख नाही. पेटीत काय होतं हे कुणी पाहिलं का, एवढंच आम्ही आंबेडकरी तरुणांना विचारतो आहोत, कारण पेटी उचलून काट्यावर ठेवणारे हात बहुतेक त्यांचेच असतात.

हल्ली मोबाईलवर घर मोकळं करण्याचे धडे मिळतात. वर्षभर हात लावला नाही ती वस्तू टाका, मन हलकं होतं, वगैरे. हा सल्ला ज्यांच्यासाठी आहे त्यांना तो लखलाभ. त्यांच्या पणजोबाचा कागद त्यांच्या घरात नसला तरी कुठेतरी सुरक्षित असतो. वि. का. राजवाडे गावोगावच्या वाड्यांतून दप्तरं गोळा करत फिरले. पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, धुळ्यात १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ. वाड्यातला उसनवारीचा चिटोरासुद्धा इतिहासाचं साधन ठरला. महारवाड्याच्या आढ्याला खोचलेला कागद काढून वाचायला मात्र कुठलं मंडळ आलं नाही.

आणि महारवाड्यात साठवायला होतं तरी काय? मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढून बघा. शूद्राची ऐपत असली तरी त्याने धनसंचय करू नये, चांडाळाने फुटक्या भांड्यात जेवावं आणि प्रेताचे कपडे नेसावेत, असं तिथे लिहून ठेवलं आहे. म्हणजे साठवणं हीच आपल्यासाठी बंदी असलेली गोष्ट होती. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जे पुस्तक जाळलं त्यात हा कायदाही जळाला. त्यानंतर कुठे आपल्या घरात एखादं धड भांडं, एखादी कुलूपवाली पेटी आली. मराठवाड्यात तीही सगळ्यांची टिकली नाही. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर इथल्या कितीतरी वस्त्या पेटवल्या गेल्या. घरांबरोबर पेट्याही जळाल्या. तेव्हा ज्या घरात आज जुनी पेटी शिल्लक आहे, ती इतक्या सगळ्यातून शिल्लक राहिलेली आहे.

आम्ही जुन्याला कवटाळून बसा म्हणतो आहोत, असं कुणी समजू नये. टाकून देण्यात आपल्या समाजाचा हात धरणारा कुणी नाही. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या आजी-आजोबांनी देव्हारे रिकामे केले, टाक आणि मूर्ती नदीत, विहिरीत सोडल्या, मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. पिढ्यान्‌पिढ्या घरात बसलेली गोष्ट दाराबाहेर काढायला केवढी छाती लागली असेल! पण आपण काय टाकतो आहोत आणि कशासाठी, हे त्या आजीला पक्कं ठाऊक होतं. आज तिचा नातू पेटी न उघडताच काट्यावर ठेवतो. वजनाच्या भावाने पैसे मोजून घेतो, आणि त्याला आधुनिक झाल्यासारखं वाटतं.

आता तोट्याचा हिशेब बघू. मुलगा अकरावीला सायन्सला जातो, मेडिकलची स्वप्नं बघतो, आणि जात पडताळणीचा फॉर्म भरायची वेळ येते. अनुसूचित जातीसाठी मानीव दिनांक १० ऑगस्ट १९५०. त्याच्या आधीचा पुरावा आणा, म्हणतात. आजोबा शाळेत गेले असतील तर शाळेचा निर्गम उतारा, नाहीतर कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, नाहीतर निजामाच्या काळातला जमिनीचा एखादा उर्दू कागद. धर्मांतरानंतर आपण अभिमानाने ‘बौद्ध’ लिहिलं. केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातीत धरायला १९९० साल उजाडलं, आणि धरलं तरी मूळ जात महार असल्याचा जुना कागद द्यावाच लागतो. तो कागद पेटीत होता. पेटी भट्टीत गेली. मग पोरगा आणि बाप तहसील, शाळा आणि पडताळणी समिती यांच्यात वर्षभर हेलपाटे घालतात, आणि एजंटाला मोजलेले पैसे भंगारातून आलेल्या पैशांच्या कितीतरी पट असतात.

यावर एक शहाणा प्रश्न हमखास येतो: जात टाकायला निघालेल्यांनी जातीचा कागद का जपायचा? कारण तो कागद आपली ओळख म्हणून जपायचा नसतो, तो आपल्यावर झालेल्या अन्यायाचा पुरावा असतो. चोरीचा पंचनामा फाडल्याने चोरी झाली नाही असं ठरत नाही, फक्त चोर सुटतो.

जुन्या कागदाची किंमत काय असते हे तर आपल्या अगदी शेजारी घडलं. अंतरवाली सराटी शेजारच्या अंबड तालुक्यातली. तिथल्या आंदोलनानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी मराठवाडाभर निजामकाळातली मोडी-उर्दू दप्तरं उघडली गेली. त्या मागणीचा वाद हा इथला विषय नाही. आम्ही एवढंच म्हणतो की मनात आणलं तर सरकारला शंभर वर्षांपूर्वीचा कागद शोधता येतो. आपल्या पोराच्या आजोबाची नोंद शोधायला मात्र अशी समिती कुणी नेमत नाही. तेव्हा आपली पेटी हेच आपलं दप्तर.

गायरानाचंही तेच. भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला. पण तुम्ही त्याआधीपासून कसत होता हे दाखवणार कशाने? दंडाच्या पावतीने, पंचनाम्याच्या नकलेने, गाव नमुना एक-ई च्या उताऱ्याने. ज्या बापाने अतिक्रमणाचा दंड भरला आणि पावती शर्टाच्या खिशातून पेटीत ठेवली, तो अडाणी असला तरी त्याला कायदा कळत होता. २०२२ मध्ये गायरानं रिकामी करण्याच्या नोटिसा गावोगाव आल्या तेव्हा अशीच एखादी मळकी पावती हाताशी असण्याला काय अर्थ होता, ते नोटीस आलेल्यांना विचारा.

कागदाच्या बाबतीत बाबासाहेबांनासुद्धा कुणी सोडलं नाही. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर दहा वर्षांनी, जानेवारी १९६७ मध्ये, दिल्लीच्या २६ अलीपूर रोडचं घर रिकामं करून घेताना त्यांचे कागद उघड्या अंगणात टाकले गेले आणि वरून पाऊस पडला. नानकचंद रत्तूंनी हे लिहून ठेवलं आहे. जे वाचलं, त्यातून वसंत मून यांनी पुढे खंड उभे केले. पहिला खंड १९७९ साली आला. १९८७ मध्ये ज्या ‘रिडल्स’वरून महाराष्ट्र ढवळून निघाला ते अशाच जुन्या कागदांतून हाती आलेलं हस्तलिखित. भिजून गेलेल्या कागदांत आणखी काय होतं, हे आता कुणालाच कळणार नाही. घर रिकामं करणाऱ्यांना त्या दिवशी फक्त घर रिकामं हवं होतं.

बायकांच्या बाबतीत तर अंधारच. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली काढलं, तेव्हा त्यांना गावोगाव जाऊन म्हाताऱ्या बायकांना बोलतं करावं लागलं, कारण लिखित असं फार थोडं होतं. तुमच्या आजीने भीमजयंतीला म्हटलेल्या गाण्यांची वही, दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या भूमी सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या आजोबांची सुटकेची चिठ्ठी, मिलिंद महाविद्यालयाच्या वसतिगृहाची पावती, मक्रणपूरच्या १९३८ च्या परिषदेची आठवण सांगणाऱ्या कुणाचा मळलेला फोटो: हे सगळं रद्दीवाल्याच्या लेखी एकाच भावाचं.

नेत्यांकडून आम्हाला अपेक्षा नाही. बाबासाहेबांच्या खंडांसाठी घेतलेला छपाईचा कागदच गोदामात पडून राहिला आणि २०२१ मध्ये उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, तिथे तुमच्या पेटीचं कोण बघणार? पण जयंतीच्या वर्गणीतून एका रात्रीचा डीजे कमी केला तर विहारात एक कुलूपबंद कपाट येतं, हे सांगायला न्यायालय लागत नाही. फ्लेक्सवर स्वतःचा फोटो छापणाऱ्यांनी निदान आजोबांचा फोटो तरी शोधून ठेवावा.

तेव्हा बाज विका, डबे विका, गोधड्यांचं काय करायचं ते घरातल्या बाईला ठरवू द्या. पेटीचं कुलूप मात्र आधी तोडा. ओले कागद उन्हात नाही, सावलीत वाळवा. घड्या जोर लावून उलगडू नका. प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी मोबाईलवर फोटो काढा आणि ते घरातल्या किमान दोघांकडे ठेवा. नाव, गाव, साल ओळखू येत असेल तर वेगळ्या वहीत लिहा, मूळ कागदावर पेन चालवू नका. प्लास्टिकचं लॅमिनेशन करू नका, त्याने जुना कागद खराब होतो. उर्दूतला कागद निघाला तर वाचता येत नाही म्हणून फेकायचा नाही. गावात उर्दू वाचणारं एखादं जुनं माणूस असतंच. त्यांच्याकडे जा, वाचून घ्या. चहा झाल्याशिवाय ते उठू देणार नाहीत, एवढा वेळ हाताशी ठेवून जा.