‘लंबरदारा’चे गोत्र

चंदीगडच्या परिसरातील जुन्या गावांत आजही रूढ असलेला ‘लंबरदार’ हा शब्द, म्हणजे गावचा शेतसारा गोळा करून सरकारात भरणारा, महाराष्ट्रातील मुलकी पाटलाचा उत्तरेकडील भाऊबंद, हा मूळचा संस्कृत असून ‘लंब’ म्हणजे उंच ध्वज धरणाऱ्या सामंताचे ते बिरुद होय, असे एक मत मोठ्या आवेशाने मांडले जाते. ध्वज फडकला की पुरावा कशाला हवा, असा या पक्षाचा एकंदर थाट आहे.

वस्तुतः इंग्रजी ‘नंबर’ला फारसी ‘दार’, म्हणजे ‘बाळगणारा’, हा प्रत्यय लागून हा शब्द झाला. 1822 च्या सातव्या रेग्युलेशनने उत्तर हिंदुस्थानात महालवारी, म्हणजे गाव वा महाल हे एकक धरून सारा ठरविण्याची पद्धत, आणली. तीत साऱ्याची हमी घेणाऱ्याचे नाव कलेक्टरच्या यादीत क्रमांकाने चढे, आणि तो क्रमांक बाळगणारा तो नंबरदार. 1849 मध्ये पंजाब खालसा झाल्यावर ही व्यवस्था तेथेही रुजली व वसुलीवर शेकडा 5 प्रमाणे ‘पचोतरा’ हा त्याचा मोबदला ठरला. त्याआधीच्या मोगली कागदांत गावप्रमुख ‘मुकद्दम’ म्हणून येतो, जो मराठी कागदांत ‘मोकदम’ होऊन पाटलाच्या शेजारी बसतो. ध्वजधारी महाशय या दप्तरांकडे फिरकत नाहीत. ‘न’चा ‘ल’ कसा झाला, असे विचारणाऱ्याने खेड्यातला ‘एक लंबर’ ऐकावा, किंवा एकाच पोर्तुगीज शब्दापासून मराठीत ‘लिलाव’ आणि हिंदीत ‘नीलाम’ कसा झाला ते पाहावे.

‘दार’ आणि संस्कृत ‘धृ’ यांचे नाते खरे, पण ते चुलत आहे.

परक्या शब्दांचा हा विटाळ जुनाच आहे. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, पेशव्याचा ‘मुख्य प्रधान’ झाला, आणि तरीही पुढचा काळ ‘पेशवाई’ म्हणूनच ओळखला गेला. भाषाशुद्धीच्या नंतरच्या वादांतही कोशांतले विजय बाजारात टिकलेच असे नाही.

मंडनाचा मुद्दा एवढाच, की संकर हा शब्दाचा कलंक नव्हे. सरंजामी जमिनीला स्पेनमधील गॅलिशियन भाषेत ‘फेउदो’ म्हणतात, आणि 1887 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एस्पेरांतो या रचलेल्या भाषेनेही, नवा शब्द घडविण्याची मोकळीक असूनही, जवळपास तोच उचलला. मराठीने तर ‘पाणीदार’ आणि ‘भागीदार’ कोणाची परवानगी न घेता घडविले. म्हणून अधिकारपदाच्या शब्दाचे कूळ उच्चाराच्या साम्यात शोधण्यापेक्षा, ते पद ज्या व्यवहारासाठी निर्माण झाले त्याच्या दप्तरात शोधावे.