फासेपारधी : पोलिसी नोंदीपलीकडचा इतिहास

१/९
सोलापुरात ‘सेटलमेंट’ हा पत्ता आजही रूढ आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली येथे तारेच्या कुंपणात ज्यांना कोंडले गेले, त्यांचा इतिहास जणू त्या कुंपणापासूनच सुरू होतो, असे मानले जाते. हा समज मोडायला हवा. त्यासाठी फासेपारध्यांचे उदाहरण पुरेसे आहे.

२/९
पारध म्हणजे शिकार, आणि फास हे तिचे साधन. ओळीने मांडलेल्या बारीक फाशांत तितर, लावा असे पक्षी अडकत. पारधी पक्ष्याचा आवाज हुबेहूब काढत आणि शिकवलेल्या गाईच्या आडोशाने सावजाजवळ जात. गवत, पाणवठा, विणीचा हंगाम यांची जाण हीच त्यांची विद्या होती.

३/९
त्यांची बोली गुजरातीशी नाते सांगते. देवीची उपासना आणि जातपंचायत हे समाजाचे दोन आधार. पंचायतीच्या न्यायात क्रौर्यही होते, विशेषतः स्त्रियांच्या वाट्याला आलेले. संस्कृतीचा आदर करताना हे झाकण्याचे कारण नाही.

४/९
१८७१ चा कायदा १९११ मध्ये विस्तारला आणि मुंबई इलाख्यालाही लागू झाला. गुन्हा सिद्ध न होताही माणूस जन्माने गुन्हेगार ठरू लागला. हजेरी बंधनकारक झाली. परवानगीवाचून फिरणे हाच अपराध ठरला. सोलापूरच्या गिरण्यांना मात्र या वसाहतीतून मजूर मिळाले.

५/९
मुंबई राज्याने १९४९ मध्ये आणि केंद्राने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द केला. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली. आधी भटकंती गुन्हा ठरली होती, आता उपजीविकाही ठरली.

६/९
उत्तर अमेरिकेतील ओजिब्वा लोकांशी तुलना उद्बोधक आहे. १८३७ च्या तहात त्यांनी जमीन गमावली. शिकार, मासेमारी आणि जंगली भात गोळा करण्याचा हक्क मात्र लेखी राखला. १९९९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. पारध्यांशी तह कोणी केलाच नाही. म्हणून न्यायालयात दाखवायला त्यांच्याकडे कागदही नाही.

७/९
आक्षेप रास्त आहे : नान्नजचा माळढोक नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर असताना शिकारीला मोकळीक कशी देणार? ती देऊ नयेच. पण माळराने केवळ फाशांनी संपली नाहीत; नांगर, ऊस आणि वस्ती यांचा वाटा मोठा आहे.

८/९
मागणी शिकारीची नाही, ज्ञानाला मान देण्याची आहे. विदर्भात अकोला-वाशीम भागात फासेपारध्यांच्या सहभागातून गवताळ राने व तणमोर जपण्याचे प्रयत्न झाले आहेत. सोलापूरच्या माळरानावरही पारधी तरुण पगारी रक्षक व निरीक्षक का होऊ नयेत?

९/९
चोरी झाली की आजही पहिला संशय पारध्यांच्या पालावर जातो. कायदा १९५२ मध्ये गेला, त्याने लावलेली नजर गेली नाही. ती बदलायची तर या समाजाला जे येते, त्याचीही नोंद इतिहासाने ठेवली पाहिजे.