पडद्यावरची पेशी आणि आपला वकील

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या मोहल्ल्यातल्या एका पोराला मारामारीच्या गुन्ह्यात अटक झाली. वय एकोणीस. त्याचे वालिद माझ्याकडे आले, कारण चांगला फोन मास्तरकडेच असणार असा सगळ्यांचा समज. पोरगा जेलमध्ये, मुलाकात बंद, गाड्या बंद, आणि किनवटहून नांदेड म्हणजे काही शेजारचं गाव नाही. जामिनाची सुनावणी व्हिडिओवर झाली. वकीलसाहेब घरच्या ओसरीवर बसले होते, वर पांढरा शर्ट आणि गळ्याला बँड, खाली लुंगी. नंतर ते मला म्हणाले, सर, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपल्या आरोपीशी एक शब्द न बोलता मी जामीन मागितला.

सुरुवातीला जामीन नामंजूर झाला. काही आठवड्यांनी मिळाला. पोरगा घरी आल्यावर वकिलांनी त्याला समोर बसवून विचारलं, तेव्हा कळलं की आधी मार त्यालाच लागला होता. डोक्याला तीन टाके. सरकारी दवाखान्याची चिठ्ठी घरात खुंटीला टांगलेल्या पँटच्या खिशात होती. इतके दिवस ती तिथेच पडून, कारण त्याला हे विचारायला कुणी भेटलंच नव्हतं.

फौजदारी वकिलाचं काम फक्त न्यायाधीशासमोर बोलण्याचं नसतं. पुकारा होण्याआधी कोर्टाच्या व्हरांड्यात पोलिसाच्या शेजारी बसलेल्या आरोपीजवळ तो दोन मिनिटं वाकतो. मारलं का रे? कोऱ्या कागदावर सही घेतली का? तिथे आणखी कोण होतं? पोरगा लंगडत चालतोय का, हेही त्याला दिसतं. कॅमेऱ्यासमोर आरोपीच्या बाजूलाच जेलचा कर्मचारी उभा असेल, तर ‘मारलं’ कोण म्हणेल? आणि आमच्या तालुक्यात भाषेचाही प्रश्न आहे. गोंडी, कोलामी किंवा बंजारा बोलणारा माणूस समोरासमोर अर्धं हातवाऱ्यांनी समजावतो. अडकत चालणाऱ्या आवाजात ते राहून जातं.

मला हे शाळेवरून कळतं. ऑनलाइन वर्गात चाळीसपैकी आठ-दहा मुलं यायची. ‘समजलं का?’ विचारलं की सगळ्यांचे अंगठे वर! समोर बसलेल्या मुलाचा चेहरा बघून जे एका क्षणात कळतं, ते त्या चौकटीत कळत नव्हतं. न्यायाधीश काय, वकील काय, त्यांची गत वेगळी नसणार.

तरी सगळा दोष पडद्याला देणं बरोबर नाही. आपल्याला खंडपीठ औरंगाबादला, आता छत्रपती संभाजीनगर. किनवटहून जवळपास चारशे किलोमीटर. एका तारखेसाठी घरातल्या दोन माणसांची दोन-तीन दिवसांची मजुरी जाते. युक्तिवाद तिथल्या वकिलानेच करायचा असेल, तर तो इथे बसून ऐकता येणं ही मोठी सोय आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ एप्रिल २०२० रोजी व्हिडिओ सुनावणीचे निर्देश दिले तेव्हाही ही मर्यादा घातली होती. उच्च न्यायालयांचे नियम होईपर्यंत व्हिडिओ मुख्यतः युक्तिवादासाठी वापरायचा, आणि दोन्ही पक्षांची संमती नसेल तर पुरावा त्यावर नोंदवायचा नाही. युक्तिवाद दुरून चालतो, साक्ष आणि उलटतपासणी ही वेगळी गोष्ट आहे, हे त्या वेळी मान्य होतं.

त्याच वर्षी २१ ऑगस्टला औरंगाबाद खंडपीठाने तबलीगी जमातच्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेल्याचं नोंदवलं. ती बातमी आपल्या घराघरांत वाचली गेली. पण ज्या पोरांची बातमी होत नाही त्यांचं काय? २०१९ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या कच्च्या कैद्यांत मुसलमान १८.७ टक्के होते, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येत १४.२ टक्के. २०२० अखेर देशातल्या तुरुंगांत दर शंभर कैद्यांपैकी ७६ जण कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही असे. पेशी कशी होते, हा प्रश्न मुख्यतः त्यांचा आहे.

पडद्याने खरंच फरक पडतो का? अमेरिकेत शिकागो ज्या कुक काउंटीत येतं, तिथे १९९९ पासून बऱ्याच गुन्ह्यांच्या जामिनाची सुनावणी टीव्हीवर घेऊ लागले. २०१० साली संशोधकांनी जुने आकडे तपासले, तर त्या गुन्ह्यांत जामिनाची रक्कम सरासरी ५१ टक्क्यांनी वाढलेली निघाली. दावा दाखल झाल्यावर २००८ मध्येच तिथे आरोपीला पुन्हा समोर आणायला सुरुवात झाली होती. आपल्याकडे असा अभ्यास माझ्या वाचनात आलेला नाही. तो व्हायला हवा.

महामारी गेली, पण पडदा राहिला. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ५३० प्रमाणे खटल्याची कामं इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालवता येतात. ई-कोर्टच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्राने सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. या पैशातून आरोपी आणि वकिलाला एकांतात बोलायला एक खोली, एक लाइन मिळणार का, हे वकील संघांनी विचारायला हवं. माझ्या मते कॅमेऱ्यांच्या संख्येपेक्षा ते जास्त गरजेचं आहे.

घरच्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कलम १८७ प्रमाणे पोलीस कोठडी द्यायची असेल तर आरोपीला पहिल्यांदा आणि त्यानंतरही प्रत्येक वेळी मॅजिस्ट्रेटसमोर प्रत्यक्ष, म्हणजे रूबरू, हजर करावंच लागतं. व्हिडिओची सवलत आहे ती न्यायालयीन कोठडी वाढवण्यासाठी. तेव्हा पहिल्या पेशीला वकील प्रत्यक्ष कोर्टात असू द्या, आणि बोलायला वेळ हवा असं त्यांना कोर्टाला सांगायला लावा. वकिलाची फी परवडत नसेल तर कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा १५१०० वर फोन करावा.

दुसरी गोष्ट दिवसांची. गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. लॉकडाऊनमध्ये मुदती वाढल्या असं सांगून काही ठिकाणी तो नाकारला गेला. १९ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवलं. पण अर्ज करावा लागतो, आणि दोषारोपपत्र येण्याआधीच करावा लागतो. मॅजिस्ट्रेटने ज्या दिवशी पहिल्यांदा कोठडीत पाठवलं, तो दिवस धरून मोजायचं. त्या पोराच्या अम्मीने घरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारली होती. वकीलसाहेबांना त्या मोजणीची गरज पडली नाही, पण ते कॅलेंडर त्यांनी मागून घेतलं आणि आता येणाऱ्या प्रत्येक अशिलाला दाखवतात.