किल्ल्यात पाणी कोठे आहे?

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या कोथरूडमधील सोसायट्यांच्या जिन्यांखाली शिवकाल अवतरतो. दगडविटांचा ढीग, त्यावर पोते, पोत्यावर चिखल, मोहरी-हळिवाचे हिरवे गवत आणि तटापेक्षा उंच मावळे! परदेशात छोटे सैनिक आणि छोटी रणभूमी मांडून मोठी माणसेही खेळतात. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली या खेळावर ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले. आपण मात्र किल्ला म्हणजे पोरखेळ समजतो. माझे मत असे की, किल्ला हा अभ्यासाचा विषय आहे, आणि तो आपण अभ्यासाविना करतो.

हे मला शाईने शिकविले. गेल्या दिवाळीत धाकट्या भावाच्या किल्ल्यावर तळे करण्याची कामगिरी माझ्याकडे आली. आरशाचा तुकडा ठेवणे मला पसंत नव्हते. मी मिठाईच्या खोक्याचे पारदर्शक झाकण कापले आणि त्यावर दौतीतील निळी शाई ओतली. पण प्लॅस्टिक शाई शोषत नाही. अळवावरच्या पाण्यासारखे तिचे थेंब इकडेतिकडे पळू लागले. शाईत साबणाचे पाणी घातले, तेव्हा ती पसरली. पण वाळल्यावर बोट लागताच निघाली. शेवटी झाकणाची खालची बाजू पॉलिश पेपरने खरवडली आणि शाईत फेव्हिकॉल व थोडे पाणी कालवून त्या बाजूने हात दिला. फेव्हिकॉल वाळला की पारदर्शक होतो. रंग खाली राहिला, वरची चकाकी कायम! आनंदाच्या भरात ते ओल्या चिखलावर ठेवले आणि रात्रीत रंग विरघळला. तेव्हा कळले की आधी माती वाळू द्यावी.

रंगही चुकलाच होता. सिंहगडावर देवटाके पाहिले, तर खडकाच्या सावलीत पाणी काळसर हिरवे दिसले. मग निळ्या शाईत पिवळ्या रंगाचे दोन थेंब आणि काळ्याचा एक घातला.

स्पर्धेचे परीक्षक आले. त्यांनी उंची पाहिली, दिव्यांची माळ पाहिली. तळ्याकडे कोणी पाहिले नाही. पण शेजारच्या चिमुरडीने विचारले, “दादा, एवढ्या उंचावर पाणी येते कोठून?” इतिहासात सनावळ्या पाठ करून गुण मिळविणारा मी निरुत्तर झालो!

उत्तर शोधायला मी रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ काढले. अठराव्या शतकाच्या आरंभीचा हा ग्रंथ सांगतो की, किल्ला बांधण्यापूर्वी पाणी पाहावे. पाणी नसेल आणि जागा तर सोडता येत नसेल, तर खडक फोडून टाकी करावीत. झरा असला तरी त्यावर विसंबू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात. १६६४ साली बांधायला घेतलेल्या सिंधुदुर्गावर चहूकडे खारा समुद्र असताना दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या विहिरी आहेत. तट कितीही बळकट असो, पाणी संपले की किल्ला गेला. आणि आपल्या खेळातल्या किल्ल्यांवर तोफा दहा, टाके एकही नाही!

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. आपण फटाके उडविले, ते योग्यच झाले. पण अभिमान बाळगायचा, तर प्रश्नही विचारले पाहिजेत. विकतचा तयार किल्ला घरी आणला तर ते सुचणारच नाहीत; हाताने करताना, चुकताना ते आपोआप सुचतात.

म्हणून आमच्या इतिहास मंडळाला माझी सूचना आहे. येत्या दिवाळीपूर्वी महाविद्यालयात किल्ल्यांची स्पर्धा घ्यावी. दिव्यांच्या माळेला गुण देऊ नयेत. प्रत्येक गटाला प्राध्यापकांनी तीनच प्रश्न विचारावेत: पाणी कोठे आहे, धान्य कोठे आहे आणि शत्रू कोठून येईल? उत्तरे न देणाऱ्याचा किल्ला पडला असे समजावे.

शाई मी आणीन. जुनी झाकणे मात्र प्रत्येकाने आपापल्या घरून आणावीत.